पेजमेकर सोडून युनिकोडकडे: पन्नाशीनंतर हाताची सवय बदलावी का, आणि कशी?

पानमांडणी
नमस्कार मंडळी. मी पुण्यात मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करते. पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर, जुने फॉन्ट आणि टाइपरायटरचा की-बोर्ड, एवढ्या शिदोरीवर घर चाललं, मुलगी इंजिनिअर झाली. आता माझ्या प्रकाशकांनी कळवलंय की दिवाळीनंतर फाइल युनिकोडमध्ये (म्हणजे अक्षर कुठल्याही संगणकाला ओळखता येईल अशा साठवणीत) आणि इनडिझाइन या नव्या सॉफ्टवेअरमध्येच हवी. छापील पुस्तक आणि ई-बुक एकाच मजकुरातून काढायचंय त्यांना.

त्यांचं म्हणणं मला पटतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची, मी अजून तिच्यावरच काम करतेय. जुन्या फाइलमधला ‘क’ संगणकाच्या लेखी ‘क’ नसतोच. इंग्रजीतल्या कुठल्यातरी चिन्हाच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नसेल तर पानभर अगम्य चिन्हं. गूगलला त्यातला एक शब्द सापडत नाही.

अडचण हाताची आहे. ‘किती’ लिहिताना माझं बोट आधी वेलांटी टाकतं, मग क. नव्या पद्धतीत आधी क, मग वेलांटी. ‘विहिरीतील’ असा शब्द आला की हात दोनदा थबकतो. तिकडे रफारही वेगळा. शिकाऊ मुलीच्या वेगानं काम करताना मन खट्टू होतं, आणि मुदती तर त्याच असतात.

ज्यांनी या वयात आपल्या धंद्याची हत्यारं बदलली, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. नुसती नवी बटणं शिकलात, की त्यातून तुमच्यात काही वाढलं? ज्यांनी ठाम नकार दिला, त्यांचेही अनुभव हवेत.

तुळशीबागकर
पहिला नंबर! वाचतोय.

सदाहरित
ताई, बदल हाच निसर्गाचा नियम आहे. जो बदलतो तो टिकतो. भीती ही फक्त मनाची अवस्था असते. सुखाच्या कोषातून बाहेर पडा, रोज सकाळी स्वतःला सांगा की मी बदलाचं स्वागत करते. विश्व तुमच्या पाठीशी उभं राहील.

शंकासुर
@सदाहरित, विश्व पाठीशी उभं राहील हो, पण वेलांटी आधी टाकायची की नंतर?

तुळशीबागकर
शंकासुर, =)) =))

लेजरकीपर
पानमांडणीताई, मी बँकेतून निवृत्त झालो. आमच्याकडे हाच प्रसंग चाळीस वर्षांपूर्वी आला होता, म्हणून जरा लांबण लावतो.

मी लागलो तेव्हा बचत खात्याचं व्याज हातानं काढायचो. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, त्यावर त्या महिन्याचं व्याज. त्याला प्रॉडक्ट काढणं म्हणायचे. सहामाही आली की सगळी शाखा रात्री उशिरापर्यंत लेजरं उघडून बसलेली. कुणी आकडे वाचतंय, कुणी पडताळतंय, मधूनच बटाटेवडे. बॅलन्सिंगमध्ये पैशांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे. एका नजरेत रकाना बेरजून देणारे लोक होते आमच्यात. त्यांचा शाखेत मान होता.

मग यंत्रं येणार अशी कुणकुण लागली. संघटनेनं विरोध केला, मीही फलक धरून उभा राहिलो आणि त्याबद्दल मला आजही अभिमान आहे. १९८३ साली संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढच्या वर्षी बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला, १९८७ला आणखी एक करार. कुठे, किती, कशी यंत्रं बसवायची हे वाटाघाटींतून ठरलं, यंत्रावर बसणाऱ्यांना वेगळा भत्ता मिळाला. थेट ‘या’ म्हणून दार उघडलं असतं तर हे पदरात पडलं नसतं.

आता तुमचा प्रश्न. माझ्यात काय वाढलं? लेजरमागे बसणारा मी माणसाशी मान वर करून बोलत नव्हतो. समोरून पासबुक यायचं, नोंद करून परत जायचं. हिशेब यंत्राकडे गेला तेव्हा साहेबांनी मला कर्जखात्यात टाकलं. कुणाची पिठाची गिरणी, कुणाचा गोठा बघायला जावं लागे. पहिल्या पाहणीला मी गोठ्यात काय बघायचं हेच विचारत होतो. त्या म्हशीवाल्या बाईंनी मला दुधाचा हिशेब शिकवला, आटलेली म्हैस कशी ओळखायची तेही. निवृत्तीनंतर आज मला जे चार लोक रस्त्यात थांबवून बोलतात ते त्या खात्यातले आहेत, लेजरमधला एकही नाही.

नकार देणाऱ्यांचंही लिहितो. २०००-०१च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतून लाखाच्या घरात लोक बाहेर पडले. माझा एक सहकारी ‘मला स्क्रीनसमोर बसायचं नाही’ म्हणून गेला आणि वाईजवळ रोपवाटिका काढली. तो सुखात आहे. दुसरा तेच कारण सांगून गेला आणि वर्षभर रोज शाखेत येऊन बाकावर बसायचा. फरक एवढाच दिसला की पहिल्याला कुठे जायचंय ते ठाऊक होतं.

नीरजा_ठाणे
लेजरकीपरकाका, फार सुंदर. दहा तारखेचा नियम आईकडून ऐकला होता. ती पैसे भरायचे असले की ‘दहाच्या आत भर’ म्हणायची, आता कारण कळलं.

लेजरकीपर
हो, हुशार खातेदार पैसे दहाच्या आतच भरायचे! १ एप्रिल २०१०पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झालं आणि ती सगळी धावपळ संपली.

गिरणगावची_नात
काकांचा प्रतिसाद आवडला, पण मला या धाग्याच्या मूळ सुराशीच भांडायचंय.

‘बदल स्वीकारा, वाढाल’ हे वाक्य कोण कुणाला म्हणतंय ते बघा. माझे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर होते. संप कधी मिटला असं कुणी जाहीर केलंच नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. आजोबांना साच्याच्या आवाजावरून धागा कुठे तुटलाय ते कळायचं, असं आजी सांगते. त्यांच्यासमोर बदल आला तेव्हा त्याच्याबरोबर ना भत्ता आला, ना कुणी शिकवायला आलं. ते एका इमारतीत वॉचमन झाले. त्यांनी बदल स्वीकारला की! कुरकुर न करता स्वीकारला. पण त्यांची वाढ झाली असं मला कुणी सांगू नये. गणवेश घालून ते ज्या गेटवर उभे राहायचे तिथून त्यांच्या जुन्या गिरणीचं धुराडं दिसायचं.

बँकवाल्यांची नोकरी शाबूत होती म्हणून त्यांना गोठ्यात जाऊन नवं शिकता आलं. पायाखाली जमीन असेल तर माणूस पाऊल उचलतो. ताई, तुम्हाला प्रकाशक शिकण्याच्या काळात कमी कामाचे पैसे देणार आहेत का? पानाचा दर तोच आणि वेग अर्धा, म्हणजे त्यांचा बदल तुमच्या खिशातून चाललाय.

शंकासुर
+१. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवा.

सदाहरित
गिरणगावची_नात, तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे. माझं म्हणणं एवढंच की परिस्थिती आपल्या हातात नसते, आपली वृत्ती असते. मी स्वतः औषध कंपनीची फिरतीची नोकरी सुटल्यावर चाळिशीत शिकवण्या सुरू केल्या. रडत बसलो असतो तर आज मुलं माझ्याकडे आली नसती. तुम्हाला माझी भाषा भाषणबाज वाटली असेल, पण मला त्या दिवसांत खरंच त्याच वाक्यांनी उभं केलं.

गिरणगावची_नात
सदाहरित, हे आधीच लिहिलं असतं तर मी एवढी तापले नसते. कोणता विषय शिकवता?

सदाहरित
रसायनशास्त्र, अकरावी-बारावी. पहिलं वर्ष रोज रात्री स्वतः धडा सोडवून मगच सकाळी शिकवायचो. मुलांना ते कळत होतं आणि तरी ती येत होती.

मास्तर_घाटवाले
मी एसटीत वाहक होतो. आमच्याकडे तिकिटांचा ट्रे आणि चिमटा जाऊन तिकिटाचं मशीन आलं तेव्हाचं सांगतो.

ट्रेमध्ये वेगवेगळ्या दराच्या तिकिटांच्या गड्ड्या. एका प्रवासाला तीन-चार तिकिटं जोडून भाडं पुरं करायचं, चिमट्यानं टोचायची. प्रत्येक टप्प्याला वे-बिलावर तिकिटांचे नंबर लिहायचे. रात्रीची गाडी, घाटाचं वळण, डोक्यावर मिणमिणता दिवा, एका हातानं दांडी धरून आकडे लिहायचे. मशीन आलं तेव्हा आमच्यातले जुने म्हणाले, आता हिशेब विसरणार आपण. मला तसं वाटलं नाही. सुट्ट्या पैशांचा हिशेब मशीन करतच नाही, तो डोक्यातच राहिला.

मला फायदा झाला तो वेगळाच. पूर्वी माझी नजर सारखी वे-बिलावर. मशीन आल्यावर गाडीत कोण बसलंय ते दिसायला लागलं. शाळेच्या मुलींना उतरवायचं ठिकाण, कोणाला गाडी लागते, कोण म्हातारं पुढच्या थांब्याला झोपलेलं आहे. ताईंच्या कामातही काहीतरी सुटेल आणि नजर दुसरीकडे मोकळी होईल. ती कुठे जाते ते बघा.

नीरजा_ठाणे
मास्तर, तुमच्यासारखे वाहक होते म्हणून आम्ही मुली एकट्या महाडहून कॉलेजला जाऊ शकलो.

फोंडेकर
गोव्यातून नमस्कार. मी डीटीपी शिकवतो, तेव्हा जरा कामाचं लिहितो.

पानमांडणीताई, तुमच्या पोस्टमध्ये तीन वेगळे बदल एकत्र बांधलेले दिसतात. एक, मजकूर युनिकोडमध्ये साठवणं. दोन, पेजमेकर जाऊन इनडिझाइन. तीन, बोटांचा क्रम. यातला तिसरा तुम्हाला आज करायची गरजच नाही! युनिकोड म्हणजे अक्षर आत कसं साठवायचं याचा ठराव. बाहेरून ते कुठल्या बटणानं आणायचं हा निराळा प्रश्न. टाइपरायटरच्या मांडणीनं युनिकोड लिहून देणारे की-बोर्ड मिळतात, शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेलाही तशी मांडणी चालते. तुम्ही वेलांटी आधी दाबायची, आत ती योग्य जागी बसवायचं काम प्रणाली करते.

इनडिझाइनमध्ये मात्र परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. ते न करता मराठी मजकूर ओतला की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या उड्या मारतात आणि लोक युनिकोडलाच शिव्या देऊन परत पेजमेकरकडे जातात. माझे निम्मे विद्यार्थी याच दगडाला ठेचकाळलेले असतात.

पुढे सवड मिळाली की इनस्क्रिप्ट ही की-बोर्डची मांडणीही शिका. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि तीच मांडणी बाकीच्या भारतीय लिप्यांना चालते. पण ती मुदतीच्या कामावर शिकू नका. घरची पत्रं, वाणसामानाची यादी, या धाग्यावरचे प्रतिसाद त्यात लिहा.

शंकासुर
म्हणजे वेलांटीचा प्रश्न सुटला. आता मी झोपायला मोकळा.

खिळेमोड्या
अवांतर: माझी हयात छापखान्यात गेली. तुम्ही मंडळी पेजमेकरला जुनं म्हणता, गंमत वाटते. आमच्या काळी देवनागरीचा खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचा केस म्हणजे चार-चार खणपेट्या, शेकडो खाने. अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, रफारवाली वेगळी. कंपोझिटर उभा राहून स्टिकमध्ये ओळ उलटी जुळवायचा आणि उलटीच वाचायचा. टिळकांनीही ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करायच्या खटपटी केल्या होत्या, इतका तो पसारा छळायचा.

आणि त्याहीआधी शिळाप्रेस. गणपत कृष्णाजींनी १८४१ साली मुंबईत छापलेलं पंचांग दगडावरचंच. त्या छापील पंचांगाच्या शाईत चरबी असेल म्हणून ते हातात न धरणारे लोक होते. पुढे छापील पंचांग घरोघर गेलं.

पानमांडणी
खिळेमोड्याकाका, अवांतर कसलं! माझे वडील कंपोझिटर होते. त्यांच्या बोटांची टोकं कायम शिशानं काळपट असायची. छापखान्यात संगणक आला तेव्हा ते त्याला शिवले नाहीत. पण त्यांनी काम सोडलं नाही, मुद्रितशोधक झाले. ओळी उलट्या वाचायची सवय, त्यामुळे सुलट मजकुरातली चूक त्यांच्या नजरेतून निसटत नसे. ‘शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा’ यावरून ते माझ्याशी तासन्तास वाद घालायचे. मी पानं लावताना आजही तो वाद मनात चालू असतो.

मास्तरांचं ‘नजर दुसरीकडे मोकळी होईल’ आणि फोंडेकरांचं ‘तीन बदल वेगळे करा’ हे दोन्ही वहीत उतरवून घेतलंय. लहान काम हाती घेऊन प्रयोग करते. एका कवितासंग्रहाचं काम आलंय, ओळी छोट्या आहेत.

तुळशीबागकर
एक भाबडा प्रश्न: तुम्ही काही दिवस दोन्ही चालू ठेवलं तर? जुनं पेजमेकर एका मशीनवर आणि नवं दुसऱ्या?

लेजरकीपर
तुळशीबागकर, आम्ही तेच केलं होतं. यंत्र आल्यावरही काही काळ हातानं लेजर लिहीत होतो, दोन्ही जुळवत होतो. सुरक्षित वाटतं, पण काम दुप्पट होतं आणि नव्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. तारीख ठरवून घ्यावी, तिच्यानंतर जुनं फक्त वाचायला उघडायचं.

गिरणगावची_नात
आणि त्या मधल्या काळाचे पैसे कोण देणार हेही ठरवून घ्यावं. ताई, तुम्ही माझ्या प्रश्नाला बगल दिलीत बरं का!

पानमांडणी
मंडळी, कळवायला उशीर झाला. कवितासंग्रह पूर्ण युनिकोडमध्ये झाला, छापूनही आला. की-बोर्ड टाइपरायटरचाच ठेवला, हात अडला नाही. कंपोझर बदलल्यावर जोडाक्षरं जागेवर आली. फॉन्ट निवडताना ल आणि श यांचं वळणही तपासून घेतलं. कवीला जुन्या वळणाचा ल हवा होता. आईनं पाटीवर गिरवून घेतला होता तसाच, म्हणाले. तो देणारा फॉन्टही सापडला.

आता वाढीबद्दल. पूर्वी मी मजकुराकडे आकार म्हणून बघायची, कारण फाइलमध्ये शब्द धड शोधता येत नव्हता. या संग्रहात शोध चालवला तर कवीनं ‘ऊन’ कुठे-कुठे, किती प्रकारे वापरलंय ते समोर आलं. त्यांना फोन करून म्हटलं, या दोन कविता शेजारी-शेजारी ठेवल्या तर? त्यांनी ठेवल्या. मजकुराबद्दल लेखकाशी बोलायचं धाडस मी याआधी केलं नव्हतं, ते संपादकाचं काम समजायची. आता एका इतिहासाच्या पुस्तकाची नामसूची करायचं काम मी मागून घेतलंय. पेजमेकरमध्ये सूचीची पानं हातानं शोधून लिहायला लागायची म्हणून मी ती कामं परत पाठवायची.

एक अडचण आहे. प्रकाशकाच्या जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्यात. पानावर ‘दुसऱ्या’ व्यवस्थित दिसतं, पण शोधलं तर काही ठिकाणीच सापडतं. हे काय आहे?

फोंडेकर
वा, अभिनंदन! तो ‘ऱ्या’ दोन वाटांनी येतो. एक, खास मराठीच्या ऱ नंतर हलन्त (पाय मोडायची खूण) आणि मग य. इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे, डी आणि य. दुसरी वाट म्हणजे साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. कन्व्हर्टरनं एक वापरलं असेल आणि तुम्ही टाइप केलेल्या दुरुस्त्यांत दुसरं आलं असेल. फाइंड-चेंज घालून सगळे एकाच पद्धतीवर आणा, आणि नामसूची सुरू करण्याच्या आधी आणा. ‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’ अशी नावं असली तर सूचीत एकच नाव दोनदा येईल. रफारही तपासा, कन्व्हर्टर तो शेजारच्या अक्षरावर टाकतात.

पानमांडणी
कऱ्हाड आहे ना पुस्तकात, पानोपानी! आजच बदलते. खूप आभार.

गिरणगावची_नात, बगल दिली नव्हती, आधी बोलणी करायची होती. पानाचा दर त्यांनी वाढवला नाही. पण जुन्या फाइलींचं रूपांतर आणि त्यानंतरचं मुद्रितशोधन याचे वेगळे पैसे द्यायला तयार झाले, आणि नामसूचीचेही वेगळे. ‘हे काम तुमच्यासाठीच करतेय’ एवढं म्हटल्यावर फार ताणावं लागलं नाही.

लेजरकीपर
शाब्बास! भत्ता मिळवलात.

गिरणगावची_नात
लेखी घ्या. ईमेल चालेल.